निळ्या प्लेअरचं मधलं बटण

शेवटी आम्ही निळा प्लेअर निवडला. एकमताने. पेढेही वाटले.

हे वरचं तुम्ही वाचलं नाही असं समजा. निवड वगैरे काहीही झालेली नाही. एप्रिलची दुपार आहे, अकोल्यात माणसं आणि कुत्री एकाच सावलीसाठी भांडतायत, सहस्रकिरण अंध सेवा मंडळाच्या ऑफिसात कूलर घरघरतोय, टेबलावर तीन प्लेअर मांडले आहेत आणि आमचे सचिव देवपुजारी सर म्हणतायत, "कोणतीही घाई नाही. चाळीस सभासदांच्या कानांचा प्रश्न आहे."

अंधांच्या संस्थांना प्रकाशाचीच नावं का देतात, हे मला अजून कळलेलं नाही. टकल्या लोकांच्या संघटनेला कुणी 'घनकुंतल' म्हणत नाही. पण माझं स्वतःचं नाव क्षितिज आहे, त्यामुळे मी या विषयावर फार बोलत नाही. बारशाच्या वेळी मला दिसत नाही हे घरच्यांना कळलेलं नव्हतं. कळल्यावर नाव बदलायचं राहून गेलं.

तर एका तेलगिरणीच्या मालकांनी आईच्या स्मरणार्थ मंडळाच्या सभासदांना गाणी ऐकायचा छोटा प्लेअर द्यायचं ठरवलं होतं. दुकानदाराने तीन नमुने पाठवले. देवपुजारी सरांना दिसतं, पण माणूस न्यायी. म्हणाले, "वापरणार तुम्ही, तर निवडणारही तुम्ही." म्हणून निवड समिती झाली. अध्यक्ष सर, चाचणी सदस्य क्रमांक एक मी, आणि चाचणी सदस्य क्रमांक दोन रेवती गावंडे.

रेवती मंडळात लहान मुलांना ब्रेल शिकवायची. बारा वर्षांची होईपर्यंत तिला दिसत होतं, त्यामुळे आमच्यात ती परदेश बघून आलेल्या माणसासारखी होती. माझ्याहून वर्षाने मोठी. चालताना तिच्या पर्समध्ये काहीतरी सतत सळसळायचं. तिला नाशिकच्या एका बँकेत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली होती. भाऊ तिकीट काढायला निघाला तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "समितीचं काम अर्धवट टाकून नाही येणार. निवड झाली की निघू."

म्हणजे निवड झाली की रेवती जाणार. निवड झाली नाही तर रोज दुपारी दोन वाजता येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणार. माझी राजकीय भूमिका इथून स्पष्ट झाली.

पहिला प्लेअर सगळा काचेचा. बटण नावाला नाही, बोट फिरवायचं. सर म्हणाले, "फोटोत फार छान येईल." मी बोट फिरवलं, कंपनीने भरून दिलेली बासरी सुरू झाली. बंद करायला फिरवलं, तर ती आणखी जोरात वाजू लागली. रेवतीने फिरवलं, तर प्लेअरने भाषाच बदलली आणि पुढचा बराच वेळ तो आमच्याशी चिनी की कोरियन बोलत बसला. आम्ही नम्रपणे ऐकून घेतलं.

दुसरा विटेएवढा. बटणं बुंदीच्या लाडवाएवढी. त्यात एक बाई होती आणि तिला सगळं सांगायची हौस होती. बासरी रंगात आली की ती मध्येच म्हणायची, "बैटरी अस्सी प्रतिशत शेष है." थोड्या वेळाने, "बैटरी उन्यासी प्रतिशत शेष है."

"ही माझी आत्या आहे," रेवती म्हणाली. "हिला मी घरात नाही ठेवणार."

तिसरा निळा. निळा म्हणजे सरांनी सांगितलं म्हणून निळा.

"निळा कसा असतो?" मी रेवतीला विचारलं.

"रेशनच्या रॉकेलसारखा."

"वास?"

"रंग, बावळटा. रेशनचं रॉकेल निळं असतं."

तेव्हापासून निळा म्हटलं की मला रॉकेलचा वास येतो. आकाश, समुद्र, डोंगर, सगळं नाकाशी रॉकेल होऊन येतं. पण तिने सांगितलेलं आहे, त्यामुळे मी ते बदललेलं नाही.

निळा प्लेअर खरोखर चांगला होता. साबणाच्या वडीसारखा हातात बसायचा. हळू बोलायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. आज बंद केला तर उद्या बरोबर तिथूनच बासरी सुरू करायचा. दोष एकच. अंगावर एका ओळीत पाच बटणं, पाचही सारखी, सपाट, एकमेकांना चिकटलेली. मधलं प्लेचं. त्याच्या शेजारचं दाबलं की प्लेअर हळूच विचारायचा, सगळं पुसून टाकू का?

"प्ले सापडत नाही," पहिल्याच दिवशी रेवती म्हणाली.

"मलाही नाही," मी म्हणालो.

"प्ले... सापडत... नाही," सर लिहिताना मोठ्याने म्हणाले. "मग आज निर्णय नको."

मी त्या बटणाचे मनोमन आभार मानले. पण एका बटणाच्या भरवशावर किती दिवस निघणार? म्हणून मी रोज नवा दोष शोधून न्यायला लागलो.

"सर, हा खिशातून काढताना उलटा येतो."

"तू खिशात उलटा ठेवतोस," रेवती म्हणाली.

"सर, गाणं संपलं की हा गप्प होतो. गाणं संपलं की प्लेअर बंद पडला, हे कळायचं कसं?"

"दुसरं गाणं लागलं की कळतं," रेवती म्हणाली.

"सर, याला गळ्यात अडकवायला भोक नाही."

"तुला गाणी ऐकायचीत की गाय हाकायचीय?"

सर हसले. मीही हसलो, पण आतून मला ते लागत होतं. माझी एकेक हरकत ती माशी हाकलावी तशी हाकलत होती. हिला जायचंय, मी समजून चुकलो. नाशिकला द्राक्षं असतात, थंडी असते, आणि अकोल्यात मी असतो. कुणीही नाशिकच निवडेल.

मग सर विचारायचे, "म्हणजे निळा नक्की करायचा का?"

आणि रेवती म्हणायची, "बाकी सगळं ठीक आहे सर. पण प्ले सापडत नाही ना."

झालं. पुन्हा उद्या दोन वाजता.

मला कंटाळा आला की मी रबरबँड वाजवतो. माझ्या खिशात ती कायम असतात. शॅम्पूच्या बाटलीला एक रबरबँड आणि खोबरेल तेलाला दोन, ही आमच्या घरची राज्यघटना. एकदा पुतण्याने गंमत म्हणून फिनाईलला दोन लावली होती. त्या दिवशी माझ्या डोक्याइतकं स्वच्छ ठिकाण अख्ख्या विदर्भात नव्हतं. तर समितीच्या बैठकीत मी ते दातात आणि बोटात ताणून टंवटंव वाजवायचो आणि सर म्हणायचे, "क्षितिज, संगीत नंतर."

एकदा ते रेवतीला म्हणाले, "आज तुझी टिकली जरा डावीकडे गेलीय."

"राहू द्या सर," ती म्हणाली. "क्षितिजला चालते."

मला काय चालतं आणि काय नाही, याची नोंद कुणीतरी ठेवतंय हे मला नवीन होतं. मी रबरबँड वाजवायचं विसरलो.

सरांची निष्ठा मात्र वाढत चालली होती. "तुमच्या जागी बसल्याशिवाय मला कळणार नाही," असं म्हणून त्यांनी डोळ्यांना उपरणं बांधलं आणि निळा प्लेअर हातात घेतला. पहिल्या दिवशी ते कपाटाला धडकले आणि त्यांनी कपाटाची माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून ते उपरणं बांधून खुर्चीतच बसू लागले, आणि पाच मिनिटांत घोरू लागले. जाग आली की उपरणं सोडत म्हणायचे, "अनुभव गंभीर आहे."

तो त्यांचा गंभीर अनुभव चालू असताना आम्ही दोघं हळू बोलायचो. कूलरच्या आवाजात हळू बोलायचं तर जवळ यावं लागतं. कूलरचेही माझ्यावर उपकार आहेत.

"नाशिकला काय बोलशील दिवसभर?" मी विचारलं.

"नमस्कार, कुठल्या विभागाला जोडू?"

"एवढंच?"

"एवढंच. लोकांना दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायचं असतं. मी फक्त मध्ये."

"मी फोन केला तर?"

"तर विचारीन, कुठल्या विभागाला जोडू."

"आणि मला कुठल्याच विभागाला नको असेल तर?"

 तेवढ्यात दारावर काठी आपटली आणि बाबूराव इंगळे आले.

बाबूराव रोज यायचे. मंडळाचे सगळ्यात जुने सभासद, पंच्याहत्तरीचे. तरुणपणी खुर्च्या विणायचे आणि भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. त्यांच्या भजनाच्या कॅसेटी होत्या, पण कॅसेट वाजवणारं यंत्र अख्ख्या अकोल्यात उरलं नव्हतं. त्या कॅसेटींवरचं सगळं मी कम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. आता फक्त प्लेअर यायचा होता.

"काय बाप्पा, झाली काय निवड?"

"चाललीय बाबूराव," मी म्हणालो.

"चालून राह्यली का निजून राह्यली? मले सायबाचं घोरनं आयकू येते."

"सर चाचणी घेतायत."

"घ्या म्हना. निवांत घ्या. माह्या तेरवीले वाजवजा मग तो प्लेअर. लोकं म्हनतीन, बाबूराव गेला पन मृदंग चांगला वाजवे." मग ते पाणी पिऊन, जाताना कपाटाला एक काठी मारून निघून जायचे. कपाटाचे दिवस वाईट होते.

असं किती दिवस चाललं ते मी मोजलं नाही. मोजलं की संपतं. बासरीचा तो कंपनीचा तुकडा आम्हाला पाठ झाला. वादक एके ठिकाणी श्वास घ्यायचा, अगदी बारीक. तो श्वास आला की रेवती आणि मी, न ठरवता, आम्हीही श्वास घ्यायचो.

मग एका दुपारी बाबूराव आले नाहीत.

सर उपरण्यात घोरत होते. तीन वाजले. साडेतीन वाजले. कपाट निश्चिंत होतं.

"काठीचा आवाज नाही आला आज," रेवती म्हणाली.

"गेले असतील," मी म्हणालो. "तेरवीची तारीख कळवतील."

ती हसली नाही. माझ्या एखाद्या विनोदावर ती हसली नाही असं तोवर झालं नव्हतं. वाईट विनोदावर तर ती जास्तच हसायची, दया म्हणून.

"त्यांना खोकला होता काल," ती म्हणाली.

मग पर्सची चेन उघडल्याचा आवाज आला. मग प्लास्टिकवर नख घासल्याचा. काहीतरी सुटल्याचा, इतका बारीक की तो आवाज होता असंही म्हणवत नाही. मग तिने टेबलावरून निळा प्लेअर ओढला.

"अंगठा दे."

मी दिला. तिने तो धरला आणि प्लेअरवर नेऊन ठेवला. अंगठ्याखाली एक छोटा, गोल, मखमली उंचवटा होता. मसुराच्या डाळीएवढा.

"दाब."

मी दाबलं. बासरी सुरू झाली.

सर दचकून उठले, उपरणं सोडत म्हणाले, "सापडलं? प्ले सापडलं?"

"हो सर," रेवती म्हणाली. "वर टिकली लावली. आता कुणालाही सापडेल."

"अरे!" सर म्हणाले. "एवढंच?"

"एवढंच, सर."

सरांना इतका आनंद झाला की ते तेलगिरणीच्या मालकांना फोन लावायला बाहेरच्या खोलीत धावले. वाटेत कपाटाला धडकले, आता उघड्या डोळ्यांनी. बासरी वाजत राहिली. वादकाने श्वास घेतला. आम्ही घेतला नाही.

"टिकल्या कधी आणल्यास?" मी विचारलं.

"आणायच्या काय? पर्समध्ये असतातच पाकिटं. घरी गॅसच्या बटणाला टिकली आहे, मिक्सरला आहे, आईच्या गोळ्यांच्या डबीला आहे."

"म्हणजे पहिल्या दिवशीही होत्या?"

"तुझ्या खिशात पहिल्या दिवशी रबरबँडं होती ना?"

माझा हात खिशावर गेला. होती. सात-आठ तरी होती.

"मधल्या बटणाच्या बाजूने एक आडवं घातलं असतं," ती म्हणाली, "तर तेव्हाच काम झालं असतं. शॅम्पूला घालतोस. तेलाला घालतोस. याला का नाही घातलंस?"

खरं सांगायचं तर मला उत्तर माहीत होतं. सोपं होतं. चार-पाच शब्दांचं. कूलर चालू होता, सर बाहेर होते, बासरीचा आडोसा होता. जगातल्या कुठल्याही विभागाला त्या क्षणी जोडून मिळालं असतं.

"ती शॅम्पूची होती," मी म्हणालो.

ती हसली. पण हसायला थोडा वेळ लावला. त्या वेळात मी अजूनही कधी कधी जाऊन बसतो.

तेवढ्यात दारावर काठी आपटली.

"काय बाप्पा! लग्नात गेल्तो मी. मठ्ठा असा झाला होता, तीन ग्लास पेलो. हे घ्या जिलबी." बाबूराव धापा टाकत खुर्चीत बसले. "निवड झाली काय?"

"झाली," रेवती म्हणाली आणि प्लेअर त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो चाचपला. अंगठा सरळ टिकलीवर जाऊन थांबला.

"टिकली व्हय? आमच्या घरी दिव्याच्या बटनाले हेच आहे. बायकोनं लावून ठेवली होती, ती गेली पन टिकली आहे." मग ते थांबले. "अन् हे शोधाले तुमाले इतके दिवस लागले? टिकली? तुमाले दोघालेबी?"

 कूलर बोलत होता.

"अस्सं," बाबूराव म्हणाले. त्यांनी प्लेअर हळूच टेबलावर ठेवला. जिलबीचा पुडा आमच्या दोघांच्या मधोमध सरकवला. आणि मग हा माणूस, जो रोज काठी आपटत घाई करायला यायचा, बाहेरच्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "सायेब! अजून आठ-पंधरा दिवस पाहून घ्या तुम्ही! चांगलं पारखून घ्या! मले काही घाई नाही!"

"अहो झालं बाबूराव!" सर तिथूनच ओरडले. "कळवलं मी मालकांना! एकमताने!"

त्याच आठवड्यात रेवती गेली. स्टेशनवर तिचा भाऊ होता, सामान होतं, सूचना होत्या. गाडी लागताना ती म्हणाली, "नीट राहा. फिनाईल लावू नको." मी म्हणालो, "नाही लावणार." आमच्या निरोपाचा हा संपूर्ण मजकूर आहे.

चाळीस प्लेअर आले. समारंभ झाला. फोटो काढला तेव्हा सगळ्यांच्या प्लेअरवर लाल टिकल्या होत्या असं ऐकलं. बाबूरावांनी त्यांचा प्लेअर तेरवीच्या आधी बरीच वर्षं वाजवला. फक्त बासरी काढून टाकायला सांगितली. ती मध्येच लागली की मृदंगाचा ताल चुकतो म्हणाले. नमुन्याचा प्लेअर सरांनी मला दिला. त्यातली बासरी मी काढली नाही.

नाशिकच्या बँकेत मी फोन करायचो. तिचा स्वतःचा नंबर होता माझ्याकडे. पण त्यावर ती 'बोल' म्हणायची, आणि बोलायचं काय ते मला सुचायचं नाही. बँकेच्या नंबरवर निदान प्रश्न ठरलेला होता.

"नमस्कार, कुठल्या विभागाला जोडू?"

"कुठल्याही."

"क्षितिज, कामावर आहे मी."

"मग जोड कुठेतरी."

ती जोडायची. सूड म्हणून दर वेळी सोनेतारण विभागाला. माझ्याकडे सोनं नाही, पण सोनेतारणाच्या अटी आजही मला तोंडपाठ आहेत. तिथल्या कुलकर्णी बाई मला आवाजावरून ओळखायला लागल्या होत्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्हाला नक्की काय गहाण ठेवायचंय?" त्याचंही उत्तर मला माहीत होतं. मी व्याजदर विचारला.

मग तिचं लग्न ठरल्याचं कळलं. मग तिचा नंबर बदलला. मग एक दिवस बँकेत फोन लावला तर मशीन बोललं. मराठीसाठी एक दाबा. मी एक दाबला. प्रतिनिधीशी बोलण्यासाठी नऊ दाबा. मी नऊ दाबला. सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत, मशीन म्हणालं आणि त्याने बासरी लावली. आमची नव्हती. ह्या बासरीवाल्याला श्वासच लागत नव्हता.

नंतर रेशनवरचं रॉकेलही बंद झालं. निळा रंग माझ्यापुरता तेव्हा संपला.

प्लेअर अजून चालतो. टिकली केव्हाच पडली. सतरंजीवर मी ती पुष्कळ चाचपली, सापडली नाही. बटणावर तिचा डिंक उरलाय, किंचित खरखरीत. आता तोही नसला तरी चालेल. अंगठा डोळे मिटून मधल्या बटणावर जातो. डोळे उघडूनही तिथेच जातो.

मंडळाच्या ऑफिसात आता मोबाइलच्या काचा बदलून मिळतात. देवपुजारी सरांना जाऊन चार वर्षं झाली. तरीही नियमानुसार कागद आपल्या बाजूने पूर्ण असावेत, म्हणून खालील अर्ज.

प्रति,
मा. सचिव तथा अध्यक्ष, प्लेअर निवड समिती,
सहस्रकिरण अंध सेवा मंडळ, अकोला.

विषय : निवड रद्द करून चाचणी पुन्हा सुरू करणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, निळ्या प्लेअरची निवड घाईने झालेली असून चाचणी सदस्य क्र. १ यांस विचारण्यात आलेल्या एका प्रश्नाचे उत्तर अद्याप प्रलंबित आहे. सबब सदर निवड झालीच नाही असे समजून समितीची बैठक पूर्ववत दररोज दुपारी दोन वाजता बोलावण्यात यावी. चाचणी सदस्य क्र. २ यांना हजर राहण्याबाबत कळवावे व त्यांची खुर्ची होती तिथेच ठेवावी. अध्यक्षांनी डोळ्यांस उपरणे बांधून अनुभव घ्यावा. कूलर चालू ठेवावा. श्री. बाबूराव इंगळे यांची मुदतवाढीची तोंडी सूचना मान्य करावी. प्ले सापडत नाही. सापडले तरी अंतिम निर्णय कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
क्षितिज
चाचणी सदस्य क्र. १

सोबत : रबरबँड, एक. (शॅम्पूचे नाही.)